दुबळ्या मातीस बळकटी : जिवाणू व विद्युत्‌प्रवाह यांचे कार्य आणि मर्यादा

शेततळ्याची भिंत पहिल्याच पावसाळ्यात खचते, शेताचा बांध एका रात्रीत फुटतो, ओढ्याचा काठ दरवर्षी हातभर आत सरकतो. अशा प्रसंगी गावात सामान्यतः एकच बोल ऐकू येतो, की माती कच्ची होती. ही कच्ची माती पक्की कशी करावी, हा प्रश्न जुना आहे. दगडी पिचिंग, चुना, मुरूम, धुमसाने केलेली ठोकाई हे त्याचे परिचित उपाय होत. गेल्या काही दशकांत मात्र शास्त्रज्ञांनी दोन निराळ्या साधनांचा अभ्यास चालविला आहे. मातीतील सूक्ष्म जिवाणू हे त्यांपैकी एक असून मातीतून सोडलेला विद्युत्‌प्रवाह हे दुसरे होय. या साधनांविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून चमत्काराच्या भाषेत लिहिले जाते. यास्तव त्यांचे खरे कार्य कोणते, ते कोणत्या मातीत चालते, त्यास किती खर्च येतो व शेतकऱ्याने आज त्यापासून काय घ्यावे, याचा विचार या पाठात केला आहे.

दुबळेपणाचे दोन अर्थ

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. शेतकरी ज्या जमिनीला दुबळी म्हणतो, ती बहुधा कसदार नसलेली जमीन असते. तिच्यात सेंद्रिय द्रव्य कमी असते, नत्र अपुरे असते व पीक खुरटे येते. बांधकामाच्या दृष्टीने दुबळी माती याहून निराळी. भार पडला असता जी दबते, पाणी लागले असता जी विरघळल्यासारखी वाहून जाते किंवा उतारावर जी घसरते, ती या अर्थाने दुबळी होय. उत्तम पीक देणारी काळी कसदार जमीनही या दुसऱ्या अर्थाने अत्यंत दुबळी असू शकते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते व तिच्यावर बांधलेल्या भिंतींना तडे जातात.

जिवाणू व विद्युत्‌प्रवाह यांनी जी बळकटी येते ती केवळ दुसऱ्या अर्थाची आहे. या क्रियेत मातीचे कण एकमेकांस सांधले जातात. सांधलेल्या मातीत मुळे शिरत नाहीत, हवा खेळत नाही आणि तिचा अल्कधर्मीपणाही वाढतो. म्हणून ही क्रिया बांध, भिंत, काठ किंवा रस्ता यांच्यासाठी विचारात घेता येईल. पेरणीच्या जमिनीसाठी ती केव्हाही योग्य नव्हे. हा भेद ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास प्रथम समजावून द्यावा.

जिवाणू मातीचे कण कसे सांधतात

महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे प्रत्येकाने पाहिलेले आहेत. पाण्यात विरघळलेला चुना पुन्हा घन होऊन मातीच्या कणांभोवती साचत गेला, म्हणजे असे खडे तयार होतात. या कामी जिवाणूंचाही हातभार लागू शकतो. मातीतील अनेक जातींचे जिवाणू चुनखडीचे स्फटिक निर्माण करू शकतात, असे स्पेनमधील संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. निसर्गात ज्यास दीर्घ काळ लागतो, ते काम थोड्या दिवसांत घडवून आणणे हाच या नव्या पद्धतीचा गाभा होय.

या कामासाठी मुख्यतः स्पोरोसार्सिना पाश्च्युरी या नावाचा जिवाणू वापरला जातो. तो मातीत राहणारा असून रोगकारक नाही. त्याच्या अंगी युरिएज नावाचे विकर मोठ्या प्रमाणात असते. हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया व कार्बोनेट तयार करते. गोठ्यात जनावरांचे मूत्र साचले असता जो तिखट दर्प डोळ्यांना झोंबतो, तो याच क्रियेचा परिणाम आहे. युरिया खत ओलसर जमिनीवर उघडे पडले असता त्यातील नत्र हवेत उडून जाते, त्याचेही कारण हेच.

अशा ठिकाणी विरघळलेल्या स्वरूपात कॅल्शियम उपलब्ध असेल, तर कार्बोनेट त्याच्याशी संयोग पावते व कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, तयार होते. तिचे बारीक स्फटिक जिवाणूंच्या अंगावर व मातीच्या कणांवर जमतात. दोन कण जेथे एकमेकांस टेकतात तेथे ते जमले, म्हणजे त्या कणांमध्ये सांधा तयार होतो. असे असंख्य सांधे मिळून सुट्या वाळूस मऊ वालुकाश्मासारखे रूप येते. जिवाणू कालांतराने स्फटिकांत गाडले जाऊन मरतात. सांधा मात्र मागे राहतो.

हे विकर केवळ जिवाणूंतच असते असे नाही. अबईच्या वर्गातील जॅक बीन या शेंगेच्या बियांतून अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएज शुद्ध स्फटिकरूपात मिळविले व पुढे १९४६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. सोयाबीनच्या कच्च्या दाण्यातही हे विकर असते. कच्चे सोयाबीन व युरिया जनावरांच्या आंबोणात एकत्र देऊ नये, असे पशुवैद्य सांगतात, ते याचमुळे. दोन्ही एकत्र आल्यास पोटात अमोनिया वेगाने सुटून विषबाधा होऊ शकते.

शाळेत किंवा शेतकरी मंडळाच्या बैठकीत करून दाखविण्याजोगा प्रयोग

कच्च्या सोयाबीनचे दोन चमचे पीठ पेलाभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावे व पाणी फडक्याने गाळून घ्यावे. त्यात चमचाभर युरिया विरघळवावा. पांढऱ्या कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवून ठेवलेली असावी; ती किंचित ओली करून पेल्याच्या तोंडाशी धरावी. काही वेळाने पिवळी पट्टी तांबूस होऊ लागते व अमोनियाचा दर्प येतो. दुसऱ्या पेल्यात भाजलेल्या सोयाबीनचे पीठ घेऊन हीच कृती करावी. चांगली उष्णता लागल्याने विकर नष्ट झालेले असते. म्हणून तेथे पट्टीचा रंग सहसा पालटत नाही. प्रयोग उघड्या जागी करावा व पेल्यातील द्रव जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. यावरून विकराचे कार्य आणि त्यासोबत सुटणारा अमोनिया या दोन्ही गोष्टी सर्वांच्या ध्यानी येतात.

जिवाणू कोणत्या मातीत चालतात

जिवाणू हा सजीव असला तरी त्यास आकारमान आहे. वरील जिवाणूची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या साधारण दोन ते चार पट असते. वाळूच्या कणांमधील पोकळी याहून पुष्कळ मोठी असल्याने पाण्याबरोबर जिवाणू सहज आत जातात. चिकण मातीचा कण मात्र मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतो व त्यांमधील पोकळी जिवाणूस शिरण्यास अपुरी पडते. म्हणून रेताड, वाळूसर व बारीक खडीच्या थरात ही पद्धत यशस्वी होते. घट्ट चिकण मातीत ती एकटी निरुपयोगी ठरते.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे सुमारे १०० घनमीटर वाळूवर मोठा प्रयोग झाला व त्याचा वृत्तान्त २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दोन आठवड्यांच्या कालावधीत अंदाजे ४० घनमीटर वाळू सांधली गेली. परंतु तिची ताकद सर्वत्र सारखी नव्हती. द्रव जेथून चांगला वाहिला तेथे वाळू दगडासारखी झाली. अन्यत्र ती कमजोर राहिली. त्याच सुमारास त्या देशात जमिनीखालून गॅसची नळवाट खोदताना खडीचा थर कोसळू नये म्हणूनही ही पद्धत वापरण्यात आली. काम संपल्यावर अमोनियायुक्त पाणी जमिनीतून उपसून काढावे लागले. या दोन गोष्टी, म्हणजे असमान बळकटी व उरणारा अमोनिया, या पद्धतीच्या पाठीशी सदैव असतात.

विद्युत्‌प्रवाह कशासाठी

चिकण मातीत जिवाणू शिरत नाहीत, इतकेच नव्हे तर पाणीही फार मंद गतीने जाते. पाण्याच्या उंचीचा उतार एकास एक असला तरी घट्ट चिकण मातीतून दिवसाकाठी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेच पाणी सरकते. अशा मातीत औषधी द्रव पोहोचविण्यासाठी विजेचा विचार पुढे आला.

मातीत ठरावीक अंतरावर धातूच्या दोन सळ्या रोवून त्यांतून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह सोडला, तर पाणी धन सळीकडून ऋण सळीकडे सरकू लागते. हा शोध फेर्डिनांड रॉइस यांनी मॉस्को येथे १८०९ मध्ये लावला. याचे कारण असे. चिकण मातीच्या कणांच्या पृष्ठावर ऋण भार असतो. त्यामुळे त्यांच्या भोवतीच्या पाण्यात धन भाराचे आयन गोळा झालेले असतात. वीज सोडताच हे आयन ऋण सळीकडे ओढले जातात व जाताना भोवतालचे पाणीही सोबत नेतात. दर सेंटिमीटरला १ व्होल्ट दाब दिल्यास पाण्याची ही चाल दिवसास साधारण १ ते ८ सेंटिमीटर भरते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाशी याची तुलना केली म्हणजे विजेचे महत्त्व कळून येते.

या तत्त्वाचा बांधकामात पहिला मोठा उपयोग लिओ कासाग्रांदे यांनी केला. जर्मनीतील झाल्ट्सगिटर येथे १९३९ मध्ये रेल्वेमार्गाच्या खोदकामाची ओली, घसरणारी माती त्यांनी विजेच्या साह्याने निचरा करून स्थिर केली. पुढे नॉर्वेतील अत्यंत मऊ चिकण मातीतही या पद्धतीचा उपयोग झाला व त्या कामाचा अभ्यासपूर्ण वृत्तान्त १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडील एक जुना प्रयत्नही उल्लेखनीय आहे. ए. एन. पुरी व बी. आनंद यांनी चोपण जमिनी विजेच्या साह्याने सुधारण्याविषयीचे आपले प्रयोग १९३६ मध्ये प्रसिद्ध केले होते. म्हणजे जमिनीत वीज सोडण्याची कल्पना भारतातील कृषिसंशोधनास नवी नाही.

दोहोंचा मिलाफ

जिवाणू चुनखडी करू शकतात, पण चिकण मातीत पोहोचू शकत नाहीत. वीज पोहोचवू शकते, पण स्वतः सांधा करीत नाही. सबब दोहोंचा संयोग करावा, हा विचार सहज सुचण्यासारखा आहे. मलेशियातील संशोधकांनी २०१४ च्या सुमारास मऊ मातीवर असे प्रयोग केले व प्रयोगशाळेत मातीची ताकद वाढल्याचे नमूद केले. कॅल्शियमवर धन भार असल्याने ते विजेबरोबर ऋण सळीकडे जाते. युरियावर भार नसला तरी सरकणाऱ्या पाण्याबरोबर तोही वाहत जातो. जिवाणूंच्या पृष्ठावर मात्र बहुधा ऋण भार असतो. त्यामुळे वीज त्यांना उलट दिशेस, धन सळीकडे ओढू पाहते. यास्तव कोणता द्रव कोणत्या सळीपाशी व कोणत्या क्रमाने सोडावा, यावर सर्व यश अवलंबून राहते.

याहून मोठी अडचण सळ्यांच्या टोकाशी उद्‌भवते. वीज पाण्याचेही विघटन करते. धन सळीभोवती आम्ल तयार होते व ऋण सळीभोवती अल्क. आम्लाने चुनखडी विरघळते, ही गोष्ट लिंबाचा रस चुनखडीच्या खड्यावर पिळून पाहिल्यास बुडबुड्यांवरून कळते. म्हणजे एका टोकास जे बांधावयाचे तेच तेथे विरघळू लागते. लोखंडाची धन सळी गंजून झिजते. द्रवात कॅल्शियम क्लोराइड असल्यास तेथे विषारी क्लोरीन वायूही सुटू शकतो, तर अल्काच्या टोकास अमोनिया वायुरूपाने बाहेर पडतो. मधून मधून प्रवाहाची दिशा पालटणे, सळ्यांभोवतीचा द्रव बदलीत राहणे असे उपाय संशोधक करतात. प्रयोगशाळेच्या पेटीत ते साधते. शेताच्या बांधावर ते साधणे सुलभ नव्हे.

साहित्याचा व विजेचा हिशेब

कोणतीही नवी पद्धत स्वीकारण्यापूर्वी तिचा हिशेब मांडण्याची सवय चांगली. एक घनमीटर कोरड्या वाळूचे वजन सुमारे १,६०० किलो धरावे. तिच्यात वजनाच्या ५ टक्के चुनखडी निर्माण करावयाची असल्यास ८० किलो चुनखडी लागेल. रासायनिक प्रमाणानुसार त्यासाठी पुढीलप्रमाणे साहित्य लागते :

युरिया — ४८ किलो
निर्जल कॅल्शियम क्लोराइड — सुमारे ८९ किलो
मागे उरणारा अमोनियम क्लोराइड — सुमारे ८६ किलो

म्हणजे एका घनमीटरास ४५ किलोच्या एका गोणीहून अधिक युरिया लागतो. शेततळ्याच्या भिंतीतील केवळ १०० घनमीटर भाग सांधावयाचा म्हटले तरी सुमारे १०७ गोण्या युरिया व जवळपास ९ टन कॅल्शियम क्लोराइड लागेल. शिवाय जिवाणू वाढविण्याचा, पंपांचा व देखरेखीचा खर्च निराळा. शेतीसाठी अनुदानावर मिळणारा युरिया अन्य कामास वळविणे कायद्याने निषिद्ध आहे, हेही ध्यानात ठेवावे.

उरलेल्या अमोनियाचा हिशेब याहून गंभीर आहे. ४८ किलो युरियात सुमारे २२ किलो नत्र असते. ते जमिनीत मुरून कालांतराने सर्व नायट्रेटमध्ये रूपांतरित झाले, तर सुमारे ९९ किलो नायट्रेट तयार होईल. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. या हिशेबाने एका घनमीटर वाळूतून निघालेले नायट्रेट सुमारे २२ लाख लिटर शुद्ध पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे होते. अधिक नायट्रेटचे पाणी तान्ह्या मुलांना विशेष घातक असते. भिंत सांधली आणि खालच्या अंगाची विहीर बिघडली, तर तो व्यवहार तोट्याचाच होय.

आता वीज. ओल्या चिकण मातीचा एक घनमीटर घेऊन त्याच्या दोन बाजूंस, एक मीटर अंतरावर, १०० व्होल्ट दाब दिला असे समजावे. अशा मातीतून साधारण १० अँपिअर प्रवाह जाऊ शकतो. म्हणजे १,००० वॉट, किंवा दिवसास २४ युनिट. पाणी दिवसास ४ सेंटिमीटर सरकत असेल, तर एक मीटर अंतर तोडण्यास २५ दिवस व ६०० युनिट लागतील. दाब निम्मा केल्यास खर्च ३०० युनिटांवर येतो, परंतु दिवस ५० लागतात. माती खारवट असल्यास तिच्यातून प्रवाह अधिक जातो व खर्च आणखी वाढतो. हा अंदाज एका घनमीटराचा आहे, हे विसरता कामा नये.

यावरून ही पद्धत निरर्थक आहे असे मात्र समजू नये. जेथे खोदाई अशक्य आहे, वरची इमारत पाडता येत नाही किंवा एखाद्या मोठ्या बांधकामाचा पाया वाचवावयाचा आहे, तेथे एवढा खर्चही परवडू शकतो. अमोनिया पकडून पुन्हा वापरणे, शुद्ध जिवाणूंऐवजी वनस्पतींतील विकर वापरणे, अगदी कमी चुनखडीत धूळ किंवा पृष्ठाची धूप थांबविणे या दिशांनी संशोधन चालू आहे. मातीच्या केवळ वरच्या पातळ थरास सांधावयाचे असेल तर साहित्य बरेच कमी लागते. शेतीस उपयोग झालाच तर तो बहुधा या मार्गाने होईल.

तीन सावधगिरीच्या सूचना

पहिली : बाजारात मिळणारी रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची खते ही पिकासाठी असतात. त्यांनी बांध बळकट होत नाही. स्फुरद विरघळविणारे जिवाणू तर आम्ल निर्माण करून काम करतात, म्हणजे चुनखडी जमविण्याच्या नेमके उलट. भिंत पक्की करणारी जिवाणूंची भुकटी म्हणून कोणी काही विकू लागल्यास प्रमाणित चाचणीचा अहवाल मागावा व कृषिविद्यापीठाचा किंवा कृषिविज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

दुसरी : पंपाची किंवा घरातील वीज जमिनीत सोडून पाहण्याचा प्रयत्न कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये. ही वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटते. तिने पाणी एका बाजूस सरकत नाही व काही लाभ होत नाही. ओल्या जमिनीत सोडलेली वीज माणसाच्या दोन पावलांमधूनही वाहू शकते. जनावराचे पुढचे व मागचे पाय दूर असल्याने त्यास धोका अधिक. अशा प्रयोगाचे फळ मृत्यू हेच असू शकते.

तिसरी : विहीर, हातपंप, ओढा किंवा झरा जवळ असल्यास युरिया व कॅल्शियमचा द्रव जमिनीत मुरविण्याचा कोणताही प्रयोग शास्त्रीय देखरेखीवाचून होऊ देऊ नये.

आधी माती ओळखावी

जिवाणू व वीज यांच्या अभ्यासातून शेतकऱ्याने आजच घेण्याजोगा धडा असा, की उपाय मातीच्या जातीवर ठरतो. वाळूस जे मानवते ते चिकण मातीस मानवत नाही. हे ओळखण्यास प्रयोगशाळाच पाहिजे असे नाही. पुढील दोन चाचण्या गावात करता येतात.

बरणीची चाचणी : सरळ काठाच्या काचेच्या बरणीत एकतृतीयांश बारीक केलेली माती, चिमूटभर धुण्याचा सोडा व वरपर्यंत पाणी घालून ती पाच मिनिटे जोराने हलवावी व स्थिर ठेवावी. सुमारे एका मिनिटात वाळू तळाशी बसते, दोन-तीन तासांत पोयट्याचे बारीक कण बसतात व चिकण माती बसण्यास एक दिवस किंवा अधिक काळ लागतो. प्रत्येक थराची जाडी पट्टीने मोजावी. निम्म्याहून अधिक थर वाळूचा असल्यास माती रेताड समजावी. वरचा थर एकतृतीयांशाहून जाड असल्यास ती चिकण धरावी.

ढेकळाची चाचणी : काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घ्यावे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी घेऊ नये, कारण क्षारांमुळे चुकीचा निष्कर्ष निघतो. हरभऱ्याएवढे ढेकूळ त्यात अलगद सोडावे व दहा मिनिटे न हलविता पाहावे. ढेकूळ नुसते फुटून तळाशी पडले, पण पाणी स्वच्छ राहिले, तर विशेष भय नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरू लागला, तर ती माती पाण्यात विखुरणारी आहे. अशा मातीच्या भिंतीत खेकड्याच्या बिळाएवढी फट पडली तरी पाणी कण काढून नेते व बीळ मोठे होत जाऊन भिंत आतून फुटते. या मातीस ठोकाईने किंवा जाडीने बळ येत नाही. तिची रासायनिक सुधारणाच करावी लागते.

मातीप्रमाणे आजचे उपाय

रेताड माती : तिच्यातून पाणी पाझरते व पृष्ठ वाहून जाते. भिंतीच्या मध्यभागी चिकण मातीचा गाभा घालून तो खाली घट्ट थरापर्यंत न्यावा. बाहेरच्या उतारास मुरूम व दगडी पिचिंग करावे. उतारावर वाळ्याची ओळ लावल्यास त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात.

काळी चिकण माती : ती एकटी भिंतीच्या बाहेरच्या अंगास वापरू नये, कारण वाळताच तिला भेगा पडतात. गाभ्यासाठी ती चांगली. बाहेरून मुरमाचे आवरण द्यावे. रस्त्याच्या किंवा ओट्याच्या तळाशी असल्यास कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के विझविलेला चुना मिसळून ठोकल्याने तिचे फुगणे कमी होते. जिवाणूंकडून कष्टाने जे कॅल्शियम बसवून घ्यावयाचे, ते येथे चुना स्वस्तात पुरवितो.

विखुरणारी चोपण माती : मातीपरीक्षण करून शिफारशीप्रमाणे जिप्सम मिसळावे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते व कण एकत्र राहतात. शक्य असल्यास अशी माती भिंतीसाठी वापरूच नये.

तिन्ही प्रकारच्या मातींस लागू पडणारे नियम : भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी घालावा व प्रत्येक थर वाफसा असताना ठोकावा. मुठीत दाबलेला गोळा हाताला न चिकटता टिकला व कमरेच्या उंचीवरून पडल्यावर चार-सहा तुकडे झाले, तर ओलावा योग्य समजावा. झाडांच्या मुळ्या, पालापाचोळा व मोठी ढेकळे भरावात राहू देऊ नयेत. सांडवा पुरेसा रुंद ठेवावा व भिंतीच्या माथ्यावरून पाणी कधीही वाहू देऊ नये. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी भिंतीच्या खालच्या अंगाने फिरून पाहावे. निथळणारे पाणी स्वच्छ असेल तर केवळ पाझर समजावा. ते गढूळ येऊ लागले तर भिंतीतील माती वाहत आहे असे जाणून त्वरित तळ्यातील पाणी कमी करावे व खालच्या वस्तीस सूचना द्यावी.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. जिवाणू युरिया व कॅल्शियम यांपासून चुनखडी तयार करून कण सांधतात. हे काम वाळूत चांगले होते.
२. विद्युत्‌प्रवाह चिकण मातीतून पाणी व द्रव सरकवितो. सांधा तो स्वतः करीत नाही.
३. दोहोंचा मिलाफ शक्य आहे, परंतु साहित्य, वीज व उरणारा अमोनिया यांमुळे तो आज शेताच्या बांधासाठी व्यवहार्य नाही.
४. ही पद्धत पिकाच्या जमिनीसाठी नाही.
५. माती ओळखून केलेली ठोकाई, चुना, जिप्सम, गाभा, सांडवा व गवत हेच आजचे भरवशाचे उपाय होत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील प्रत्येक शेततळ्याच्या व मोठ्या बांधाच्या मातीची ढेकळाची चाचणी करून तिची नोंद ठेवावी. त्यास एक पेला, थोडे पावसाचे पाणी व दहा मिनिटे एवढेच लागते. ज्या भिंतीच्या मातीचा ढग पसरला तिच्या मालकास मृगाच्या आधी सावध करावे, म्हणजे भिंत व तिच्या खालचे पीक दोन्ही वाचविण्यास अवधी मिळेल.